नवीन सुपरवायझर झालात? लाईनवरच्या माणसाला चूक सांगायची कशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नक्की कुणासाठी आहे?

भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव, अशा कुठल्याही एमआयडीसीत डिप्लोमा नाहीतर आयटीआय करून लागले आणि काही वर्षांत लाईन लीडर, शिफ्ट इन्चार्ज, सुपरवायझर झाले त्यांच्यासाठी. मशीन शिकवतात, ड्रॉइंग वाचायला शिकवतात, पण माणसाशी बोलायचं कसं ते कोणी शिकवत नाही, एक दिवस एचआर लेटर हातात देतं आणि दुसऱ्या दिवसापासून वीस माणसं हाताखाली. ऑफिसात नाहीतर आयटीत असाल तरी बरंच लागू पडेल, पण उदाहरणं सगळी शॉप फ्लोअरची आहेत कारण मला तेच माहितीये.

झापणं आणि फीडबॅक देणं यात प्रत्यक्षात फरक काय पडतो? शेवटी चूकच सांगायचीये ना.

झापून झालं की आपल्याला मोकळं वाटतं, पण समोरच्याला उद्या नक्की काय वेगळं करायचंय ते कळलेलं नसतं. "लक्ष कुठे असतं रे तुझं" याचं तो बिचारा काय करणार? लक्ष कुठून आणणार? त्याऐवजी "डीबरिंग (कडेला राहिलेली धातूची धारदार कूस, म्हणजे बर, काढणं) न करता जॉब (मशीनवर बनणारा पार्ट) ट्रेमध्ये जातोय, त्या बरमुळे पुढे असेंब्लीत ओ-रिंग कापली जातेय" असं सांगितलं की त्याला करण्यासारखं काहीतरी हातात मिळतं. बोलून झाल्यावर स्वतःला एकच विचारा, की आता याला पुढचा जॉब उचलताना काय करायचं ते माहितीये का. नसेल तर तुम्ही फक्त तोंडाची वाफ दवडली.

आणि हे नुसतं माझं मत नाहीये. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये तोपर्यंतचे फीडबॅकवरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले होते, ६०७ निकाल होते त्यात. सरासरी बघितली तर फीडबॅकने काम सुधारतं असंच निघालं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा काम उलट बिघडलं होतं. त्यांचं म्हणणं साधारण असं की बोलण्याचा रोख कामावरून माणसावर सरकला, तू असा तू तसा सुरू झालं, की फायदा कमी होत जातो. म्हणजे काही न बोलणं परवडलं असतं असं बोलणाराही असतो बरं का, आणि तो बहुतेक तावातावाने बोलत असतो.

चूक माणसाची की प्रोसेसची, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यामुळे इथे जरा लांबण लावतो.

चाकणकडच्या एका कंपनीतली गोष्ट, सीएनसी टर्निंगची लाईन. नाईट शिफ्टला एकाच मशीनवर फेस आऊट, म्हणजे जॉबची सपाट बाजू मापाबाहेर, यायला लागला, सकाळी लाल ट्रे भरलेला, आणि रोज तोच ऑपरेटर. क्वालिटीवाल्यांनी नाव लिहिलं, मॅनेजर म्हणाला पोरगा झोपतो रात्री, त्याला दोनदा ऑफिसात बोलावून सगळं ऐकवून झालं. पोरगा खाली मान घालून उभा. शेवटी सेटर स्वतः रात्री जाऊन मशीनपाशी थांबला तेव्हा दिसलं की जॉब काढल्यावर लोकेटरवर (ज्यावर जॉब टेकवून बसवतात त्यावर) धातूची बारीक चिप राहतेय, त्यावर पुढचा जॉब तिरका बसतोय. चिप उडवायची एअर गन फुटलेली, पाईप लीक, पोरगा फडक्याने पुसत होता बिचारा, आणि फडक्याने कोपऱ्यातली चिप निघत नाही. दिवसपाळीवाला शेजारच्या मशीनची गन ओढून वापरायचा म्हणून त्याचे जॉब ओके. रात्री ते शेजारचं मशीन दुसऱ्या सेलला चालायचं, गन मिळायची नाही. नव्या गनचा इंडेंट (मागणीचा कागद) स्टोअरला पडून होता, सही बाकी. आता सांगा, त्या दोन वेळच्या खरडपट्टीचा उपयोग काय झाला? वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय.

म्हणून तोंड उघडायच्या आधी मशीनपाशी जा. तिथे उभं राहून बघा आणि हे तपासा: दुसरा कोणी याच मशीनवर, याच शिफ्टला, याच गेजने काम करत असता तर त्याच्याकडूनही हेच झालं असतं का? हाच माणूस दुसऱ्या मशीनवर चांगले जॉब काढतो का? त्याला हे काम कोणी दाखवलं होतं, की "बघ बघून शिकशील" म्हणून सोडलं होतं? इन्सर्ट (टूलची बदलायची धार) बदलायची वेळ झालीये का, गेज कॅलिब्रेट आहे का, ड्रॉइंगचं रिव्हिजन बरोबर लावलंय का, टार्गेट असं दिलंय का की प्रत्येक फर्स्ट पीस नीट चेक करायला बसला तर तासाचा आकडाच गाठता येणार नाही. या सगळ्याचं उत्तर ठीक आलं, तरच मग माणसाकडे वळायचं.

डेमिंग नावाचे अमेरिकन क्वालिटीवाले, ज्यांचं जपानी कंपन्यांनी इतकं मनावर घेतलं की तिथे त्यांच्या नावाचं प्राइझ १९५१ पासून देतात, ते आपल्या सेमिनारमध्ये एक खेळ करायचे. एका डब्यात ४००० मणी, त्यातले ८०० लाल बाकी पांढरे. सहा जणांना कामगार करायचं, प्रत्येकाच्या हातात ५० खड्ड्यांची पट्टी, ती डब्यात बुडवून काढायची आणि लाल मणी म्हणजे रिजेक्शन. डेमिंग स्वतः फोरमन. कमी लाल आले त्याचं कौतुक, जास्त आले त्याला दम, भिंतीवर घोषणा, शेवटी तर वाईट आकडेवाल्यांना कामावरून काढायचे. बघणाऱ्यांना हसू यायचं कारण सरळ दिसतंय की डब्यातच पाचवा हिस्सा लाल भरलेत, कामगार काय डोंबल करणार. पण आपल्या सकाळच्या मीटिंगला रिजेक्शनचा ऑपरेटरवाईज चार्ट लावून आपण वेगळं काय करतो?

याचा अर्थ माणसं चुकत नाहीत असं नाही. चुकतात, आळसही करतात, कोणीकोणी मुद्दाम करतात. पण आधी डबा बघा.

ओरडल्याशिवाय काम होत नाही हो. मी स्वतः बघितलंय, झापलं की दुसऱ्या दिवशी रिजेक्शन खाली येतं.

येतं खरं, तुम्ही खोटं बोलत नाहीये. पण ते झापल्यामुळे आलं का?

डॅनियल काहनमन, ज्यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते तरुणपणी इस्रायलच्या हवाई दलातल्या इन्स्ट्रक्टरांना शिकवत होते की शिक्षेपेक्षा कौतुकाने माणूस चांगला शिकतो. तेव्हा एक अनुभवी इन्स्ट्रक्टर उठून म्हणाला की साहेब हे आम्हाला सांगू नका, कॅडेटने झकास कसरत केली आणि मी शाबासकी दिली की पुढच्या वेळी तो बिघडवतो, आणि वाईट केली म्हणून मी ओरडलो की पुढच्या वेळी सुधारतो. काहनमनना त्यातली गोम कळली. कुठल्याही माणसाचं काम रोज थोडं वरखाली होतं, फार वाईट दिवसानंतरचा दिवस बहुतेक बरा जाणार आणि फार चांगल्या दिवसानंतरचा बहुतेक जरा कमी, तुम्ही ओरडा नाहीतर गप्प बसा. त्यांनी त्या सगळ्यांना पाठीमागे न बघता जमिनीवरच्या खुणेवर नाणी टाकायला लावली आणि तसंच झालं, पहिल्यांदा जवळ पडलेली दुसऱ्यांदा लांब, लांब पडलेली जवळ. नाण्याला कोण ओरडणार.

आपलंही तसंच होतं. आपण झापतो कधी, तर सगळ्यात वाईट दिवशी. दुसऱ्या दिवशी आकडा आपोआप नॉर्मलला येतो आणि आपल्याला वाटतं आपल्या आवाजाची कमाल. अशी वर्षं गेली की माणूस "कडक सुपरवायझर" म्हणून प्रसिद्ध होतो आणि रिजेक्शनची वर्षाची सरासरी होती तिथेच. दिवसाचा आकडा बघू नका, महिन्याचा ट्रेंड बघा.

बरं, प्रत्यक्ष बोलायचं कसं? वाक्यं द्या ना सरळ.

ट्रेनिंगवाल्यांकडे यासाठी एक पद्धत आहे, अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेची, तीन पायऱ्यांची. कधी-कुठे, काय केलंत, त्याने काय झालं. नाव विसरलात तरी चालेल, क्रम लक्षात ठेवा. आणि त्यात मी चौथी जोडतो, "काय अडचण आली?", आणि हे विचारून झालं की तोंड बंद ठेवायचं.

म्हणजे असं:

"गणेश, दोन मिनिटं ये इकडे. सकाळच्या ब्रेकनंतर तू पहिला जॉब गेजला न लावता सहा-सात पुढे सोडलेस. त्यातले दोन नो-गो (मापाबाहेर) गेले, पुढच्या ऑपरेशनला अडकले. काय झालं होतं?"

इथे थांबा. खरंच थांबा, मनातल्या मनात दहा मोजा. तो म्हणेल, "साहेब गेज क्वालिटीने नेला होता." किंवा "हेल्पर नव्हता, ट्रे पण मीच ओढत होतो." किंवा "राहिलं साहेब." तिन्ही उत्तरांवर पुढचं बोलणं वेगळं होतं, आणि तुम्ही आधीच भाषण सुरू केलं असतं तर तिन्ही वेळा एकच भाषण झालं असतं.

"राहिलं" म्हणाला तर तिथेच मिटवा: "ब्रेकनंतर पहिला जॉब गेजशिवाय पुढे नाही जायचा. जमेल ना? मी उद्या ब्रेकनंतर येऊन बघतो." आणि उद्या खरंच जा. उद्या गेला नाहीत तर आजचं बोलणं फुकट, त्यालाही कळतं की साहेब बोलायचं म्हणून बोलले.

"नेहमी", "कधीच", "तुम्ही लोक" हे शब्द टाळा. "तू नेहमी उशिरा येतोस" म्हटलं की तो लगेच वेळेवर आलेला दिवस शोधून काढणार आणि मग भांडण त्या दिवसावर.

आधी कौतुक, मधे चूक, शेवटी परत कौतुक, असं शिकवलंय आम्हाला ट्रेनिंगमध्ये. ते चालेल?

मला नाही आवडत. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? चार वेळा असं केलं की पाचव्या वेळी तुम्ही "तुझं काम छान चाललंय" म्हणताच समोरच्याच्या पोटात गोळा येतो, आता काय येतंय म्हणून. आणि काही जणांना मधलं ऐकूच जात नाही, ते खुशीत निघून जातात. कौतुक वेगळ्या दिवशी करा, चूक वेगळ्या वेळी सांगा. दोन्ही सरळ.

लगेच सांगायचं की शिफ्ट संपल्यावर?

सेफ्टीचं असेल तर त्याच क्षणी, कोण ऐकतंय याची पर्वा नाही. प्रेसवर टू-हँड बटण बायपास करून कोणी एका हाताने चालवत असेल तर आधी मशीन बंद, मग बोलणं. तिथे आवाज चढला तरी माफ.

क्वालिटीचं त्याच शिफ्टला, शक्यतो जॉब हातात असताना. तीन दिवसांनी "मंगळवारी तू" म्हणालात तर त्याला आठवत पण नाही.

वागण्याबोलण्याचं असेल, दोघांची जुंपली, कोणी उलट बोलला, तर थोडं थंड होऊ द्या. पण दुसऱ्या दिवसाच्या पुढे ढकलू नका, कारण मग ते मनात अढी होऊन बसतं. आणि शिफ्ट सुटायच्या दहा मिनिटं आधी तर कोणालाच गाठू नका, त्याचं सगळं लक्ष बसकडे असतं, बस चुकली तर पुढची तुमच्या बापाची नाही येत.

मॉर्निंग मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं तर बाकीचे पण शिकतील ना?

बाकीचे एवढंच शिकतात की चूक लपवायची. रिजेक्ट जॉब गुपचूप स्क्रॅपच्या बिनमध्ये तळाशी, नाहीतर बॅगेत. ऐकलं नसेल तर विचारा जुन्यांना, कितीतरी ठिकाणी गटारात जॉब सापडलेत.

दुसरा एक प्रकार म्हणजे नाव न घेता बोलायचं, "काही लोकांना वाटतं कंपनी आपल्या घरची आहे", लेकी बोले सुने लागे. ज्याला लागायला पाहिजे त्याला लागत नाही, तो आरामात चहा पितो, आणि जो मुळात मन लावून करतो तो दिवसभर विचार करतो की माझ्याबद्दल होतं का. पुण्याकडच्या आपल्या लोकांना शालजोडीतले मारायची भारी हौस असते, पण लाईनवर ती हौस नको. सगळ्यांना लागू असलेली गोष्ट, म्हणजे डिफेक्ट काय आला, कस्टमरकडे काय झालं, आता कसं चेक करायचं, हे मीटिंगमध्ये जॉब हातात धरून दाखवा. कोणी केलं ते मीटिंगमध्ये नाही.

आमच्याकडे रिजेक्ट पीसचा फोटो ऑपरेटरच्या नावासकट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. त्याचं काय?

वाईट सवय आहे. ग्रुपवर प्लँट हेड असतो, त्यामुळे टाकणाऱ्याला आपण किती जागरूक ते दाखवायचं असतं, एवढाच अर्थ. ज्याचं नाव आलं तो माणूस रात्री घरी फोन उघडून बायकोपोरांसमोर ते बघतो. फोटो टाका, मशीन नंबर टाका, नाव टाकू नका. आणि "हे तुझं काम?" वगैरे प्रश्नचिन्हं तर अजिबात नको, लिहिलेल्याला सूर नसतो, वाचणारा आपल्या मनातला सूर लावतो.

ऑपरेटर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांना मी चूक कशी सांगू?

काका म्हणूनच सांगायची. "काका, जरा बघा ना, हा आडवा ओरखडा येतोय, तुम्हाला काय वाटतं कशाने येत असेल?" यात खोटेपणा नाहीये, त्यांनी ते मशीन तुमच्या जन्माआधीपासून नाही तरी तुमच्या शाळेपासून चालवलंय, त्यांना खरंच जास्त माहिती असतं. बऱ्याचदा ते स्वतःच म्हणतात, टूल पोस्ट ढिली झालीये, टाईट करतो.

पण आदर म्हणजे सूट नव्हे. काकांनी गॉगल घातला नसेल तर "काका गॉगल" एवढं म्हणायलाच पाहिजे, नाहीतर उद्या नवा ट्रेनी म्हणेल काकांना चालतं मला का नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे लाईनवर एका दिवसात पसरतं.

कालपर्यंत एका टेबलावर डबा खायचो, आता मी सुपरवायझर. मित्र ऐकतच नाहीत.

पहिल्याच आठवड्यात एकेकाला बाजूला घेऊन सरळ बोलून घ्या. "बाहेर आपलं आहे तसंच राहील, पण लाईनवर मला सांगावं लागेल, आणि तुला सांगितलं नाही तर बाकीचे माझी इज्जत ठेवणार नाहीत." बहुतेक जण समजून घेतात. एखादा दुरावतोच, त्याला इलाज नाही. डबा मात्र त्यांच्यासोबतच खा, ऑफिस कँटीनला जाऊन बसू नका एकदम.

काँट्रॅक्टची पोरं हिंदी-भोजपुरी बोलतात, आमची पोरं मराठवाड्यातली. कोणाला काय कळलं तेच कळत नाही.

इथे बोलण्यापेक्षा दाखवणं जास्त कामाचं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत कारखान्यांत एकदम लाखो नवीन माणसं आली, तेव्हा सुपरवायझरांसाठी एक सरकारी कार्यक्रम होता, टीडब्ल्यूआय नावाचा, १९४० ते ४५, जो युद्धानंतर जपानमध्ये गेला आणि तिथे मुरला. त्यात काम शिकवायची पद्धत अगदी साधी: तयारी करून घ्या, करून दाखवा आणि मुद्द्याची गोष्ट सांगा, त्याच्याकडून करवून घेताना त्यालाच सांगायला लावा, मग अधूनमधून येऊन बघा. आणि एक वाक्य होतं त्यांचं, कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही.

"समझा क्या?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "करके दिखाओ" म्हणा. ओके आणि नॉट ओके दोन्ही जॉब मशीनजवळ बांधून ठेवा, लाल-हिरवा रंग मारून, त्याला भाषा लागत नाही.

आणि या पोरांच्या डोक्यात कायम एकच भीती असते, काँट्रॅक्टमध्ये ब्रेक देतील किंवा उद्यापासून गेट बंद. त्यामुळे तुम्ही साधं काही सांगितलं तरी त्यांना ती धमकी वाटते. सांगताना आधीच म्हणा, "कामावरून काढण्याचा विषय नाहीये, हे एवढं सुधारायचंय." मग कान उघडतात.

महिला ऑपरेटरना सांगताना वेगळं काही?

चूक सांगायची पद्धत तीच. उगाच मऊ करून सांगितलं तर त्यांचं नुकसान होतं, त्यांना खरं काय ते कळतच नाही आणि वर्षाच्या शेवटी रेटिंग कमी. बंद केबिनमध्ये एकटीला बोलावण्यापेक्षा लाईनच्या कडेला, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी बोला. हे खरं तर पुरुषांनाही लागू. कपडे, लग्न, मूल, "घरी बरं चाललंय ना" हे विषय नकोत.

आणि कोणी तुमच्याकडे लैंगिक त्रासाची तक्रार घेऊन आली तर ती फीडबॅकने सोडवायची गोष्ट नाही. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, तिला तिथपर्यंत पोचवा. "मी बोलतो त्याच्याशी" म्हणून मिटवामिटवी करू नका.

आणि जात, गाव, भाषा यावरून मस्करी चालते ना आमच्यात, सगळे हसतात.

सगळे हसत नाहीत. ज्याच्यावर आहे तो नाइलाजाने हसतो. तुम्ही सुपरवायझर असताना ते बोललात तर ती मस्करी राहत नाही, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघात जातीवरून अपमानित करणं १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. विषय संपला.

कौतुक केलं की डोक्यावर बसतात, असं आमचे जुने साहेब म्हणतात.

जुने साहेब बरंच काही म्हणतात. कोरडं "गुड, कीप इट अप" ऐकून कोणी डोक्यावरही बसत नाही आणि सुधारतही नाही, ते वाऱ्यावर जातं. कौतुक पण चुकीइतकंच नेमकं पाहिजे: "काल कूलंटचा वास बदललेला तू सांगितलास म्हणून टाकी वेळेत साफ झाली, नाहीतर इन्सर्ट गेले असते." आणि असं सांगायला मिळावं म्हणून तुम्हाला चांगलं चाललेलं पण बघत फिरावं लागतं. आपण राऊंड मारतो तो फक्त चुका शोधायला, म्हणून साहेब येताना दिसले की लाईन आखडते.

समोरचा गप्प बसला, रडला किंवा भडकला तर?

गप्प बसला तर तुम्हीही बसा थोडं. मग "आत्ता नको सांगूस, जेवणानंतर ये." बरेच जण चहाच्या टपरीवर बोलतात जे लाईनवर बोलत नाहीत.

रडलं कोणी तर पाणी द्या, जाऊ द्या, मुद्दा मागे घेऊ नका, उद्या परत बोला. बऱ्याचदा कारण घरचं असतं, कर्ज, आजारपण, गावाकडे पाऊस नाही.

भडकला तर त्याच्या सुरात सूर मिसळू नका. "आत्ता दोघंही तापलोय, चार वाजता बोलू" म्हणा आणि चार वाजता स्वतः जा.

सांगून सांगून थकलो, तेच परत होतंय. मेमो द्यायचा का?

आधी वर लिहिलंय तसं डबा परत एकदा बघा. मग त्याला सांगितलेलं त्याने खरंच समजून घेतलं होतं का ते बघा. दोन्ही झालं असेल आणि तरी मुद्दामच चाललं असेल तर हो, ते आता फीडबॅकच्या पलीकडे गेलंय, एचआरकडे जा. मेमो, खुलासा, चौकशी हा रस्ता वेगळा आहे, त्यात माणसाला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते आणि युनियन असेल तर प्रतिनिधी येणार. म्हणून कधी काय बोललात त्याची तारखेसकट दोन ओळींची नोंद डायरीत ठेवत जा. पण प्रत्येक गप्पांनंतर त्याच्यासमोर डायरी काढू नका हो, पोलीस स्टेशन वाटतं.

"मेमो देईन" ही धमकी मात्र कधीच नको. द्यायचा तर द्या, नाहीतर नाव काढू नका.

अप्रेझलमध्ये काय बोलायचं?

नवीन काहीही नाही. वर्षभरात जे सांगितलं तेच. मार्चमध्ये पहिल्यांदा ऑगस्टची चूक काढलीत तर माणूस बरोबरच विचारणार, तेव्हा का नाही बोललात.

वरच्या साहेबांना फीडबॅक द्यायचा तर?

मांजराच्या गळ्यात घंटा, माहितीये. पण खरं सांगायचं तर सुपरवायझरचा अर्धा फीडबॅक वरच जायला पाहिजे, कारण डबा भरणारे तिकडे बसतात. तुम्ही खाली वीस जणांना रोज सांगता आणि वर एक इंडेंट सहीला पाठवून गप्प बसता, मग एअर गन येणार कुठून?

तक्रार म्हणून नेऊ नका, आकडा म्हणून न्या. "सर, गन नाहीये म्हणून रात्री इतके जॉब जातात, जॉबची किंमत इतकी, गनची इतकी. आज सही झाली तर उद्यापासून थांबेल." साहेबांना चारचौघांत सांगू नका, त्यांनाही तोच नियम. नाही ऐकलं तर आठवड्याने नवा आकडा घेऊन परत जा. आणि सही झाली की लाईनवर सांगा, "तुम्ही बोललात म्हणून गन आली." पुढच्या वेळी पोरं आपणहून सांगायला येतात.

माझ्याबद्दल लोकांना काय वाटतं ते कसं कळेल? विचारलं तर सगळे म्हणतात साहेब तुम्ही बेस्ट.

म्हणणारच. "मी कसा आहे" विचारू नका, फार मोठा प्रश्न आहे. छोटा विचारा: "काल प्लॅन बदलला तेव्हा मी सांगायला उशीर केला का? कधी सांगितलं असतं तर बरं पडलं असतं?" यावर माणूस उत्तर देऊ शकतो. पहिलं खरं उत्तर आलं की सफाई देऊ नका, "बरं" म्हणा आणि एक गोष्ट दिसेल अशी बदला.

आणि तुमच्या शिफ्टला चुका कमी रिपोर्ट होतात म्हणून खूश होऊ नका. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या टीम्स बघितल्या, औषधाच्या चुका मोजायला गेल्या तर चांगल्या चालणाऱ्या टीम्समध्येच जास्त चुका नोंदलेल्या. म्हणजे त्या टीम्स जास्त चुकत होत्या असं नव्हे, तिथे बोलायची भीती नव्हती, एवढाच त्याचा अर्थ असावा असं त्यांना वाटलं आणि पुढचं सगळं काम त्यातून उभं राहिलं. टोयोटाच्या लाईनवर दोरी असते, काही गडबड वाटली की ऑपरेटर ती ओढतो आणि टीम लीडर लगेच धावत येतो, वेळेत नाही सुटलं तर लाईन थांबते. आपल्याकडेही अँडनचा, म्हणजे गडबड झाली म्हणून मदतीला बोलवायचा, दिवा असतो की बऱ्याच ठिकाणी, पिवळा. महिनाभर तो कोणी लावलाच नसेल तर दोनच शक्यता आहेत, एकतर बल्ब गेलाय, नाहीतर तो लावल्यावर तुम्ही पहिला प्रश्न "कोणी लावला?" असा विचारता. बल्ब आधी बघून घ्या.